उतार आणि उंबरठा: कोॲक्सिअल केबलमधून किती वरची फ्रिक्वेन्सी जाते?

मिरजेत मावशीच्या घरी डिश तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आहे आणि टीव्ही तळमजल्यावर. मधली केबल चांगली 50 मीटर भरते, कारण ती जिन्यातून न आणता घराला बाहेरून वळसा घालून आणलेली आहे. गेल्या दिवाळीत मावशीची तक्रार होती की बरेचसे चॅनेल झकास दिसतात, पण काही ठरावीक चॅनेल लावले की पडद्यावर चौकोन चौकोन येतात आणि चित्र गोठतं. पाऊस नव्हता, वारा नव्हता, डिश जागची हललेली नव्हती. तिचा नातू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "काका, डिश एक, केबल एक. सिग्नल कमी पडत असेल तर सगळेच चॅनेल जायला पाहिजेत. ठरावीकच का जातात?"

प्रश्न फार चांगला होता. घाईत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं मला वाटलं नाही. त्याच्या उत्तरात कोॲक्सिअल केबलचं सगळं मर्म आहे, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आधी केबलचा एक तुकडा आडवा कापून बघा. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरा फोम, फोमवर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि बारीक तारांची जाळी, आणि सगळ्यात बाहेर काळं प्लास्टिक. मधली तार आणि बाहेरची जाळी यांचा मध्यबिंदू एकच, म्हणजे दोघींचा अक्ष एक. कोॲक्सिअल या नावाचा अर्थ तेवढाच. आपण म्हणतो की सिग्नल तारेतून जातो. खरं तर ऊर्जा वाहते ती त्या पांढऱ्या फोममधून, तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून. तार आणि जाळी हे तिचे काठ. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं होतं. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज माणसानं 1880 साली अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं. टेलिव्हिजनचा तेव्हा पत्ताही नव्हता.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती लाटा. सांगली आकाशवाणी मीडियम वेव्हवर 1251 किलोहर्ट्झला लागायची. त्या लाटेची लांबी जवळजवळ 240 मीटर, एखाद्या उसाच्या फडाएवढी. डिशवर उपग्रहाकडून येणारी लाट असते 11-12 गिगाहर्ट्झच्या आसपास, तिची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. फ्रिक्वेन्सी वाढली की लाट आखूड होते. आणि लाट आखूड होत गेली की केबलपुढे दोन अडचणी येतात. एक हळूहळू वाढत जाते, तिला मी उतार म्हणतो. दुसरी एका ठरावीक जागी अचानक आडवी येते, तो उंबरठा. मावशीच्या घरची अडचण उताराची होती.

तांब्याच्या तारेतून घरची 50 हर्ट्झची वीज जाते तेव्हा ती तारेच्या सगळ्या जाडीतून जाते. फ्रिक्वेन्सी वाढवत गेलं की विद्युतप्रवाह तारेच्या आतून सरकत पृष्ठभागाकडे येतो. 1 मेगाहर्ट्झला तो वरच्या 0.066 मिलिमीटरच्या थरात मावतो. 1 गिगाहर्ट्झला तो थर 0.002 मिलिमीटरवर येतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शावर. तार कितीही जाड असू दे, प्रवाहाच्या वाट्याला येतो तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा वरचा थर. रस्ता अरुंद झाला की विरोध वाढतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. हा तोटा फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो: फ्रिक्वेन्सी चौपट केली तर तोटा दुप्पट. फोमही थोडी ऊर्जा खातो, आणि त्याचा तोटा वर्गमुळाऐवजी सरळ फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो. म्हणून खूप वर गेल्यावर फोमचा हिस्सा डोकं वर काढू लागतो.

पाटाचं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाटाच्या तोंडाशी जेवढं पाणी सोडलं तेवढं टेलच्या शेतकऱ्याला कधीच मिळत नाही. मातीचा पाट प्रत्येक किलोमीटरला थोडं पितो, आणि उरलेल्यातलं पुन्हा पुढचा किलोमीटर पितो. केबलचा हिशेबही तसाच गुणाकाराचा आहे, म्हणूनच तो डेसिबलमध्ये मांडतात. 3 डेसिबल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. 10 गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला, 20 गेले म्हणजे शंभरावा.

घराघरांत वापरतात ती आरजी-6 केबल घेऊ. ढोबळ आकडे असे की 50 मेगाहर्ट्झला ती 100 मीटरमागे 5 डेसिबल खाते, 950 मेगाहर्ट्झला जवळजवळ 20, आणि 2150 मेगाहर्ट्झला 30. हे शेवटचे दोन आकडे मुद्दाम दिले, कारण डिशकडून टीव्हीच्या बॉक्सकडे येणारा सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात बसवलेला असतो, काही चॅनेल पट्ट्याच्या खालच्या टोकाला, काही वरच्या. मावशीच्या 50 मीटरमध्ये पट्ट्याच्या खालच्या टोकाला 10 डेसिबल जात होते, दहावा हिस्सा उरत होता. वरच्या टोकाला 15 जात होते, तिथे बत्तिसावा हिस्सा उरत होता. डिश तीच, केबल तीच, पण काही चॅनेलना दुसऱ्यांपेक्षा तिप्पट मार. त्यातून डिजिटल सिग्नलचा स्वभाव असा की पुरेसा असेपर्यंत चित्र एकदम स्वच्छ, आणि जरा कमी पडला की चौकोन. जुन्या ॲनालॉग टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्यावरून सिग्नल ढासळतोय हे आधी कळायचं. आता कळत नाही. पट्ट्याच्या वरच्या टोकाचे चॅनेल तेवढे गळाले ते यामुळे.

पोरानं लगेच पुढचं विचारलं, "मग 12 गिगाहर्ट्झचा सिग्नल तसाच्या तसा खाली का आणत नाहीत? मधे बदलतात कशाला?"

आरजी-6 मध्ये 12 गिगाहर्ट्झला 100 मीटरमागे 70 डेसिबलच्या वर तोटा होईल. 50 मीटरला 35 धरा. म्हणजे तीन हजारातला एक भाग खाली पोचणार. कोणी म्हणेल, खाली आल्यावर ॲम्प्लिफायरनं वाढवू. तिथेच गोम आहे. उपग्रहाचा सिग्नल मुळातच अतिशय क्षीण. प्रत्येक गरम वस्तूत, म्हणजे खुद्द केबलमध्येही, इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे एक बारीक खरखर सतत चालू असते. आधी कमी होऊ दिलेला सिग्नल त्या खरखरीत बुडतो, आणि मग वाढवायला गेलं तर दोन्ही बरोबरच वाढतात. जे बुडालं ते वर काढता येत नाही. म्हणून डिशच्या तोंडाशीच एलएनबी बसवतात. त्या डबीत सिग्नल आधी वाढतो, मग 12 गिगाहर्ट्झवरून खाली 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरतो, आणि मगच केबलमध्ये शिरतो. मुठीएवढी ती डबी केवळ केबलच्या उतारामुळे गच्चीवर उन्हापावसात जाऊन बसली आहे.

त्याच केबलमधून उलट दिशेनं एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्टची डीसी वीज जाते, काही चॅनेलना 13 ची, काहींना 18 ची. इथे एक गोष्ट दुकानात बघून घ्यायची. स्वस्त केबलची मधली तार पोलादाची असते आणि वर तांब्याचा मुलामा. वरच्या फ्रिक्वेन्सीला त्यानं काही बिघडत नाही, कारण प्रवाह तसाही वरच्या पापुद्र्यातूनच जाणार. पण डीसीला अख्खी तार लागते, आणि मुलाम्याच्या तारेचा विरोध सबंध तांब्याच्या तारेच्या चारपाच पट असतो. लांब केबलला एलएनबीपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. 18 व्होल्टवर चालणारे चॅनेल मग विचित्र वागतात, आणि दोष डिशला दिला जातो. तार सुरीनं खरवडली की आतला रंग कळतो, नाहीतर लोहचुंबक लावून बघा.

या उतारावर टेलिफोनवाल्यांनी जे केलं ते मला आजही फार मोठं वाटतं. 1929 साली अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन ॲफेल या बेल टेलिफोन कंपनीच्या दोन इंजिनिअरांनी एकाच कोॲक्सिअल केबलमधून शेकडो संभाषणं एकदम न्यायच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. जास्त संभाषणं हवीत तर जास्त फ्रिक्वेन्सी हवी, आणि जास्त फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त तोटा. त्यावर तोडगा म्हणजे वाटेत ठरावीक अंतरावर सिग्नल पुन्हा उचलायचा. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी एका पंपानं थेट जतला नेत नाहीत, टप्प्याटप्प्यानं उचलतात, तसंच हे. 1953 साली त्यांची यंत्रणा 8 मेगाहर्ट्झपर्यंत जायची तेव्हा टप्पे होते 4 मैलांवर. 1967 ला 17 मेगाहर्ट्झ झाले, टप्पे आले 2 मैलांवर. 1974 ला 60 मेगाहर्ट्झ, आणि टप्पा दर मैलाला. शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवा: फ्रिक्वेन्सी साडेतीन पट, अंतर निम्मं. वर्गमुळाचा नियम जमिनीत पुरून ठेवावा तसा या टप्प्यांच्या अंतरात दिसतो. पुढे काचेचा फायबर आला आणि ही लढाईच संपली.

इथवर उतार झाला. उतारावर कुठेही पाटी नसते की इथून पुढे जाऊ नका. पैसे आणि टप्पे वाढवायची तयारी असेल तर आणखी पुढे जाता येतं. उंबरठ्याचं तसं नाही.

उंबरठा समजायला जुनं खळं डोळ्यासमोर आणा. मधोमध तिवडा रोवलेला, बाहेर खळ्याची गोल कड, आणि मधल्या जागेत बैलांची पात गोल फिरतेय. कापलेल्या केबलचं तोंड हुबेहूब असंच दिसतं: तिवडा म्हणजे मधली तार, कड म्हणजे जाळी, मधे फोम. नेहमीच्या चालीत विद्युतक्षेत्र तिवड्यापासून कडेपर्यंत सगळ्या दिशांना सारखंच पसरलेलं असतं आणि लाट सरळ केबलच्या लांबीनं पुढे जाते. या चालीला फ्रिक्वेन्सीची खालची मर्यादा नाही. एलएनबीची डीसी वीज आणि 2150 मेगाहर्ट्झचा सिग्नल एकाच वाटेनं सुखानं जातात ते म्हणूनच.

पण लाट पुरेशी आखूड झाली की तिला दुसरी वाट सापडते. ती खळ्यात गोल फिरू शकते: एका बाजूला क्षेत्र तिवड्याकडून कडेकडे, तर समोरच्या बाजूला बरोबर उलटं, कडेकडून तिवड्याकडे. मात्र एक अट आहे. एक फेरी पूर्ण करून लाट सुरुवातीच्या जागी आली की तिचा शेवट आणि सुरुवात जुळली पाहिजे, म्हणजे एका फेरीत एक पूर्ण लाट बसली पाहिजे. फेरी किती लांबीची? तिवड्यालगतचा बैल थोडं चालतो, कडेचा जास्त चालतो, म्हणून मधल्या बैलाची चाल धरायची. आतल्या आणि बाहेरच्या व्यासाची सरासरी घ्या, तिला 3.14 नं गुणा, तो मधला परीघ. लाटेची लांबी या परिघाएवढी झाली की उंबरठा आला. इंजिनिअर त्याला कट-ऑफ म्हणतात. नेमकं उत्तर काढायला अवघड समीकरणं सोडवावी लागतात, पण हा ढोबळ नियम त्याच्या अगदी जवळ जातो.

त्या दिवशी आम्ही घरीच हिशेब केला. पोराकडे व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, होता. मधली तार 1 मिलिमीटर, फोमचा बाहेरचा व्यास 4.6. सरासरी 2.8, परीघ 8.8 मिलिमीटर. फोममध्ये लाटेचा वेग प्रकाशाच्या साधारण 83 टक्के असतो. भागाकार केला तर उत्तर आलं 28 गिगाहर्ट्झ. पोरगं गोंधळलं. केबलच्या गुंडाळीवर तर 3 गिगाहर्ट्झ छापलं होतं. पण दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. उंबरठा 28 वर आहे, पण उतार इतका तीव्र की तिथवर चालत जाणारा कोणी उरतच नाही. घरातल्या केबलला मारतो तो उतार. उंबरठा मारतो तो वेगळ्याच लोकांना.

उंबरठ्यापलीकडे होतं काय? केबल बंद पडत नाही. मूळची चाल चालूच राहते, पण आता तिच्या सोबतीला दुसरी चाल आहे, आणि तिचा वेग वेगळा. केबल अगदी सरळ आणि अगदी गोल असेल तर दोघी एकमेकींच्या वाटेला जाणार नाहीत. पण खरी केबल वळते, दबते, तार किंचित मध्यापासून सरकलेली असते, कनेक्टरपाशी व्यास बदलतो. अशा प्रत्येक जागी थोडी ऊर्जा पहिल्या चालीतून दुसरीत जाते आणि पुढे कुठेतरी परत येते, वेगवेगळ्या वेळी. काही ठिकाणी बेरीज, काही ठिकाणी वजाबाकी. मोजमापाच्या आलेखात अचानक खोल खड्डे पडतात, आणि केबल जरा हलवली की खड्ड्यांची जागा बदलते. उतार निदान प्रामाणिक असतो, उद्याचं नुकसान आज सांगता येतं. उंबरठ्यापलीकडे तसा भरवसा राहत नाही. म्हणून जाणकार उंबरठ्याच्या थोडं अलीकडेच थांबतात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. उतार कमी करायचा तर केबल जाड घ्यायची, कारण जाड तारेच्या पृष्ठभागाला घेर जास्त, पापुद्रा रुंद, तोटा कमी. पण जाड केबलचा परीघ मोठा, म्हणजे उंबरठा खाली येतो. बारीक केबल घेतली तर उंबरठा वर जातो आणि उतार तीव्र होतो. दोन्ही गोष्टी एकदम सुधारायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही.

मोबाइलच्या टॉवरवर हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. खालच्या खोलीतून वरच्या अँटेनापर्यंत जाणाऱ्या जाड काळ्या केबलला फीडर म्हणतात. अर्धा इंची फीडर साधारण 8.8 गिगाहर्ट्झपर्यंत वापरता येतो, पण 900 मेगाहर्ट्झला 100 मीटरमागे पावणेसात डेसिबल खातो. पाऊण इंचाहून जरा जाड, 7/8 इंची, 4 डेसिबलच्या आत राहतो, पण त्याची मर्यादा 5 गिगाहर्ट्झ. आणखी जाड, 1 5/8 इंची, सव्वादोन डेसिबलवर काम भागवतो, पण 2.5 गिगाहर्ट्झपलीकडे चालत नाही. भारतात फाइव्ह-जीसाठी दिलेला एक मोठा पट्टा 3.3 गिगाहर्ट्झच्या वर आहे, म्हणजे सगळ्यात कमी तोट्याचा फीडर त्याच्या कामाचाच नाही. आता रेडिओचं यंत्रच टॉवरवर अँटेनाजवळ चढवतात आणि खालून फायबर नेतात, त्यामागे हेही एक कारण आहे. डिशच्या एलएनबीचीच ही युक्ती, मोठ्या मापात.

मोजमापाच्या प्रयोगशाळेत कनेक्टरची नावंच व्यासावरून पडली आहेत. 7 मिलिमीटरचा कनेक्टर 18 गिगाहर्ट्झपर्यंत. त्याची मधली तार 3.04 मिलिमीटर, आपल्या खळ्याच्या नियमानं हिशेब केला तर उंबरठा 19 वर येतो, आणि 18 का ते कळतं. 2.92 मिलिमीटरचा 40 पर्यंत, 2.4 चा 50 पर्यंत, 1.85 चा 67 पर्यंत, आणि 1 मिलिमीटरचा 110 गिगाहर्ट्झपर्यंत. या सगळ्यांत मधे फोम किंवा टेफ्लॉनऐवजी हवा असते, कारण प्लास्टिकमध्ये लाट मंदावते, म्हणजे आखूड होते, आणि उंबरठा खाली येतो. 1 मिलिमीटरच्या कनेक्टरची मधली तार 0.434 मिलिमीटर, शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. ती हवेत नेमकी मधोमध धरून ठेवायची, आणि हजार वेळा जोडली-काढली तरी जागची हलता कामा नये. अशा कनेक्टरची किंमत ऐकून माणूस दचकतो, पण हे काम बघितलं की किंमत पटते.

याच्याही वर, किंवा खूप पॉवर न्यायची असेल तर, मधली तारच काढून टाकतात. उरते पोकळ धातूची नळी, तिला वेव्हगाइड म्हणतात. तिचा कारभार कोॲक्सच्या बरोबर उलटा आहे. तिला खालचा उंबरठा असतो, लाट पुरेशी आखूड नसेल तर आत शिरतच नाही. आपल्या सातारा जिल्ह्यात मांढरदेवच्या डोंगरावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं ढगांच्या अभ्यासासाठी रडार बसवले. त्यातलं एक 'एक्स' नावाच्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातलं (एक्स-बँड) आणि दुसरं 'का' नावाच्या पट्ट्यातलं (का-बँड), 35 गिगाहर्ट्झच्या आसपासचं. 35 गिगाहर्ट्झची लाट साडेआठ मिलिमीटरची. या फ्रिक्वेन्सीला वापरायच्या वेव्हगाइडची आतली रुंदी 7.1 मिलिमीटर आणि उंची 3.6, म्हणजे आगपेटीहूनही लहान तोंड. अशी नळी ताठ असते, ती भिंतीवरून वाकवत आणता येत नाही, आणि म्हणून टीव्हीच्या मागे ती कधी दिसायची नाही.

मावशीच्या घरी परत येतो. उताराखेरीज तिथे आणखी दोन गोष्टी सापडल्या. बाहेरच्या भिंतीवर केबल दर 30 सेंटीमीटरला खिळ्याच्या क्लिपनं इतकी दाबून ठोकली होती की फोम चेपला होता. एकच क्लिप चेपली तर फारसं बिघडत नाही. पण समान अंतरावर चेपत गेलं की प्रत्येक चेपीवरून उलट फिरलेली थोडी थोडी लाट एका विशिष्ट फ्रिक्वेन्सीला एकमेकींत मिळते आणि तिथे खड्डा पडतो. 30 सेंटीमीटरला पहिला खड्डा 415 मेगाहर्ट्झच्या आसपास, मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट. चौपट म्हणजे 1660, बरोबर डिशच्या पट्ट्यात. क्लिपा सैल ठोकाव्यात आणि अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवावं. दुसरी गोष्ट गच्चीवरच्या जोडाची. तिथून पाणी शिरून जाळी काळी पडली होती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावरचा जोड कोरडा राहील या भरवशावर कोणी राहू नये. केबलला जोडाच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं.

आम्ही बाहेरची केबल काढून टाकली. जिन्याच्या कोपऱ्यातून सबंध तांब्याच्या तारेची नवी केबल, एकही जोड न देता, 30 मीटरमध्ये खाली आणली. वरच्या टोकाचा तोटा 15 डेसिबलवरून 9 वर आला, म्हणजे बत्तिसाव्या हिश्शाऐवजी आठवा हिस्सा पोचू लागला. अडकणारे चॅनेल त्याच संध्याकाळी लागले. जुन्या केबलचा हातभर तुकडा पोरानं ठेवून घेतला. त्याला तो कॉलेजात दाखवून वर्गातल्या मुलांकडून परिघाचा हिशेब करून घ्यायचा होता.